‘एफआयआरशिवाय सिस्टर हात लावत नाहीत’ हे खरं नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतोय. मुंबईत अपघाताचा पेशंट नेला तर एफआयआर झाल्याशिवाय कॅज्युअल्टीत सिस्टर हात लावत नाहीत आणि नेणाऱ्यालाच पोलीस अडकवतात, असं त्यात म्हटलंय. मी अशाच एका कॅज्युअल्टीत नाईट करते, म्हणून हा खुलासा.

आधी उपचार, मग कागद. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे १९८९ सालीच सांगून ठेवलंय. लोकलमधून पडलेला मुलगा येतो तेव्हा वॉर्डबॉय मामा स्ट्रेचर ओढत असतानाच मी कात्रीने त्याची पँट उभी फाडते, जखमेवर गॉजचा जाड पॅड दाबून धरते. दुसरी सिस्टर तोवर सलाइनसाठी शीर शोधते. नाव बऱ्याचदा ‘अनोळखी’ असंच लिहिलेलं असतं. एमएलसीची, म्हणजे पोलिसांशी संबंधित केस असल्याची, नोंद होते, पोलिसांना कळवलंही जातं, पण त्यासाठी उपचार थांबत नाहीत.

नेणाऱ्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४अ आलंय. मदत करणाऱ्याला नाव-पत्ता देण्याची सक्ती करता येत नाही.

मेसेज कुठून निघाला असेल, याचा अंदाज आहे मला. बोट कापलेला माणूस तासभर बाकावर बसतो आणि मागून आलेली, छातीत कळ येणारी आजी थेट आत जाते. कागदाचा तिथे काही संबंध नसतो, कोणाच्या जिवाला जास्त धोका आहे एवढंच आम्ही बघतो. बाकावरचा माणूस चिडतो, शिव्याही देतो. चालायचंच.