दहशतवादी हल्ला झाल्यावर घरबसल्या काय करावे

हल्ला कोणी केला, का केला, हे नंतर कळतंच. पहिल्या दहा मिनिटांत तुम्ही शोधायचं ते एवढंच, की आपला त्याच्याशी संबंध काय. नसेल तर जोडायचा.

१३ फेब्रुवारी २०१० ला, शनिवारी संध्याकाळी, पुण्यात कोरेगाव पार्कातल्या जर्मन बेकरीत स्फोट झाला. सुरुवातीला बातमी सिलिंडर फुटल्याची होती. सिलिंडर होता तोवर आमच्या वाड्यात कोणी टीव्हीचा आवाजसुद्धा वाढवला नाही. बॉम्ब म्हटल्यावर मात्र तासाभरात सात जण निघाले, जे 'आज तिकडेच जाणार होते'. त्यांतले सहा जण असे, की संगम पुलापलीकडे जायचं तर पोळीभाजीचा डबा बांधून घेतील. एका काकांना चीजकेक हा प्रकार ऐकूनही माहीत नव्हता. 'पाव ताजे मिळतात म्हणे तिथे,' ते म्हणाले, 'पायात चप्पल घातली होती हो, तेवढ्यात हिने चहा टाकला.' त्या चहाने काकांचा जीव वाचला. सतरा जणांना तो मिळाला नाही, पण त्यांच्याबद्दल वाड्यात फारसं बोलणं झालं नाही. काकांची गोष्टच चांगली होती.

दोन वर्षांनी, १ ऑगस्ट २०१२ ला, जंगली महाराज रस्त्यावर कमी ताकदीचे स्फोट झाले, तेव्हा काम आणखी सोपं झालं. त्या रस्त्यावरून कधीच न जाणारा पुणेकर दाखवा. अख्खं शहर थोडक्यात वाचलं.

हल्ला लांब झाला तर 'आपल्यातले किती' हे आधी विचारा. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला २६ माणसं मारली गेली. सहा महाराष्ट्रातली, दोघं पुण्याची. आकडा असा गाळत गाळत आणला की दुःख हाताळायला सोपं जातं. मग ते घर कोणत्या भागात, तिथे कोणी ओळखीचं राहतं का, याची चौकशी करा. इमारतीच्या दाराशी माइक घेऊन उभा असलेला मुलगा 'तुम्हाला कसं वाटतंय' असं विचारेल, तेव्हा 'काय ही माणसं!' असं म्हणत चॅनल बदलू नका. उत्तर ऐकून घ्या.

चॅनलवरून आठवलं. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईत सुरू झालेला हल्ला तुम्ही सोफ्यावर बसून पाहिलात. कमांडो कुठून उतरतायत ते तुम्हाला दिसलं, आणि पलीकडे बसून फोनवर सूचना देणाऱ्यांनाही दिसलं. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालात वाहिन्यांना त्यावरून चांगलंच झापलं. यात कसलं राष्ट्रहित नव्हतं, धंदा होता, असा त्याचा अर्थ. २०१५ मध्ये नियमही झाला, की अशी कारवाई थेट दाखवायची नाही, अधिकारी अधूनमधून सांगेल तेवढंच सांगायचं. आता थेट काही दाखवता येत नाही म्हटल्यावर स्टुडिओतच युद्ध करणं आलं. आठ चौकटींत आठ माणसं, मागे जळणारा नकाशा, आणि वर भोंगा. तो भोंगा इतका वाजला, की मे २०२५ मध्ये सरकारला सांगावं लागलं, बाबांनो, हवाई हल्ल्याचा सायरन कार्यक्रमात वाजवू नका, खरा वाजेल तेव्हा लोक उठायचे नाहीत.

त्याच दिवसांतली, ८ मेच्या रात्रीची गोष्ट. कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं वाहिन्या सांगत होत्या. साडेबाराला आमची बेल वाजली. दारात समोरचे आजोबा, लुंगी, बनियन, हातात पेढ्यांचा पुडा. एवढ्या रात्री पेढे कुठले, तर ५ तारखेला नातीचा बारावीचा निकाल लागला होता, त्यातले उरलेले. जरा कोरडे झाले होते, कडेला फुटत होते. मी एक खाल्ला. सकाळी कराची बंदर होतं तिथेच होतं. आजोबा जिन्यात भेटले तेव्हा आम्ही दोघंही पाण्याच्या टँकरबद्दल बोललो. तुम्हीही असंच करा. खाल्लेल्या पेढ्याचा विषय काढू नये.

खटल्यांच्या मागे मात्र लागू नका. फार वेळ जातो आणि मधे जाहिरातीही नसतात. जर्मन बेकरी प्रकरणात एका आरोपीला एप्रिल २०१३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने फाशी सुनावली, तेव्हा आमच्याकडे 'अशांना चौकातच...' वगैरे झालं. मार्च २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने त्याला स्फोट घडवल्याच्या आरोपांतून सोडलं, आरडीएक्स बाळगल्याबद्दलची जन्मठेप तेवढी ठेवली. मग बॉम्ब ठेवला कोणी? हा प्रश्न मी वाड्यातल्या त्याच काकांना विचारला. ते म्हणाले, 'ती बेकरी पुन्हा चालू झाली ना? मग झालं तर.'

आता प्रत्यक्ष कृती. सीमेवर जाणं तुमच्या गुडघ्यांना झेपणार नाही, तेव्हा शत्रू चालत जाता येईल एवढ्या अंतरावर शोधा. एप्रिल-मे असेल तर आंबेवाला सापडतो. आमच्या सोसायटीतल्या एक मावशी अकरा वर्षं कोपऱ्यावरच्या एकाच गाडीवरून हापूस घेतात. पेटी उघडून देठापाशी हुंगून, बोटाने न दाबता फळ निवडून देणारा माणूस. 'आज खायचे का परवा?' विचारून त्याप्रमाणे देणारा. पहलगामनंतर चौथ्या दिवशी सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर कोणीतरी लिहिलं, 'खरेदी करताना नाव विचारा.' मावशींनी अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याचं नाव विचारलं. त्याने सांगितलं. मावशींनी पिशवी घडी करून काखेत घातली आणि पुढच्या चौकात गेल्या. तिथे डझनाला दीडशे जास्त पडले. देशासाठी एवढं चालतं. आंबे मात्र वरून पिवळे, आतून आंबट निघाले. मावशींनी त्यांचा साखरांबा केला आणि गटावर फोटो टाकला. खाली झेंड्याची अकरा चित्रं आली.

हे सगळं जेमतेम दीड महिना पुरतं, त्यामुळे उरकून घ्या. १२ जूनला अहमदाबादला विमान पडलं आणि आमच्या गटावरचे सगळे संरक्षणतज्ज्ञ त्याच संध्याकाळी वैमानिक झाले.

मावशी त्याआधीच, मेअखेर, पायरी घ्यायला जुन्या गाडीवर परत गेल्या. मी मागे उभा होतो. त्याने देठ हुंगले, चार बाजूला काढले, दोन परत ठेवले.

'काय रे, बरेच दिवसांत दिसला नाहीस?' मावशी म्हणाल्या.

'इथंच होतो की मावशी,' तो म्हणाला. 'आज खायचे का परवा?'