‘कर्जाच्या नादी लावू नका’ : पेट्रोल कार्डावरच्या लेखाच्या प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या आठवड्यात मी पेट्रोलवर परतावा देणारं क्रेडिट कार्ड आणि बिनफीचं क्रेडिट कार्ड यांची तुलना लिहिली होती. तिच्यावर परवा रात्री एक प्रतिक्रिया आली. सोयीचं तेवढंच उचललं असं कोणी म्हणायला नको, म्हणून ती आधी पूर्ण देतो.

“काका, सगळा हिशेब चुकलाय. ४९९ रुपयांच्या फीवर १८ टक्के जीएसटी कोण भरणार? आपल्याकडे दुकानदार कार्डावर २ टक्के वरून घेतो, तिथे तुमचे १ टक्का पॉइंट काय कामाचे? एक महिना बिल चुकलं की वर्षाचे पॉइंट पाण्यात. घरबसल्या बँकांची भलामण करून खान्देशातल्या पोरांना कर्जाच्या नादी लावू नका.”

भाऊ, नाव दिलं नाहीत म्हणून भाऊच म्हणतो. आमच्याकडे काका म्हणण्यात मान असतो. शेजारचा पोरगा काका म्हणतो आणि सायकल भिंतीला नीट लावून मग घरात येतो. तुमच्या ‘काका’नंतर लगेच ‘सगळा हिशेब चुकलाय’ येतं. एखादा आकडा चुकला असं म्हणाला असतात तर मी वही उघडली असती. ‘सगळा’ म्हणणाऱ्याने निदान सगळं वाचलेलं असावं, आणि तुम्ही ते वाचलेलं नाही. ते कशावरून, हे पुढे येईलच.

आधी तुमचं बरोबर आहे ते. फीवरचा जीएसटी लिहायचा राहिला, चूक माझी. ४९९ वर १८ टक्के धरले की ५८८ रुपये ८२ पैसे होतात. म्हणजे फरक ९० रुपयांचा. आता लेखातलं उदाहरण परत मांडू. बीपीसीएलच्या, म्हणजे भारत पेट्रोलियमच्या, पंपावर चालणारं एसबीआयचं कार्ड, महिन्याला ४,००० रुपयांचं पेट्रोल. दर १०० रुपयांना १३ पॉइंट, म्हणजे महिन्याचे ५२०. चार पॉइंटला एक रुपया, म्हणजे १३० रुपये. वर्षाचे १,५६०. त्यातून मी ४९९ वजा करून १,०६१ लिहिले होते, ते ९७१ हवेत. शिवाय वर्षात ५०,००० रुपये खर्च झाला की पुढच्या वर्षीची फी माफ होते. ४८,००० चं तर पेट्रोलच आहे, राहिले दोन हजार. ते किराण्यात निघतात. म्हणजे तुमचा आक्षेप पहिल्या वर्षाच्या ९० रुपयांचा आहे. तो मान्य.

आता तुम्ही काय वाचलं नाहीत ते. त्या कार्डाची जाहिरात ४.२५ टक्के परताव्याची असते. लेखात मी तो आकडा धरलेला नाही, ३.२५ धरला, आणि का तेही लिहिलं. वरचा १ टक्का म्हणजे फ्युएल सरचार्जची माफी. पंपावर क्रेडिट कार्ड घासलं की १ टक्का सरचार्ज लागतो आणि तोच परत करतात. रोखीने किंवा यूपीआयने पैसे देणाऱ्याला तो लागतच नाही, मग तो परत मिळणं ही कमाई कशी? बँकांची भलामण करायची असती तर जाहिरातीतला आकडा उचलून मोकळा झालो असतो. आणि बिनफीच्या कार्डाबद्दलही मी गोड लिहिलेलं नाही. अॅमेझॉन पे आयसीआयसीआय कार्डाला वार्षिक फी नाही, प्राइम सदस्याला अॅमेझॉनवर ५ टक्के, इतरांना ३, बाहेर बहुतेक ठिकाणी १. पण इंधनावर आणि सोन्यावर काहीच नाही. जळगावच्या सराफ बाजारात लग्नाचं सोनं घ्यायला जाणाऱ्या माणसाला हे आधी कळायला हवं, म्हणून ते वाक्य मी वेगळ्या परिच्छेदात टाकलं होतं.

पण मला लागलं ते तुमचं शेवटचं वाक्य. ‘खान्देशातल्या पोरांना कर्जाच्या नादी लावू नका.’ आणि त्याआधीचं ‘घरबसल्या’.

मी पाचोरा तालुक्यातला. घरी कोरडवाहू कापूस. २०१३ साली जळगावच्या एमआयडीसीत एका पाइप कारखान्यात स्टोअरकीपर होतो, पगार १४,५००. दुपारच्या सुट्टीत गेटवर टाय लावलेला एक मुलगा फॉर्म भरून घेत होता. आजीवन मोफत, एवढंच तो बोलला. मी सही केली. त्या वर्षी बहिणीचं लग्न होतं. कपडे, भांडी, फ्रिज असे ४२,००० त्या कार्डावर गेले. पहिलं बिल आलं तेव्हा त्यावर दोन आकडे होते, मोठा आणि छोटा. छोट्यावर ‘मिनिमम ड्यू’ लिहिलेलं, २,१०० रुपये. मला वाटलं हाच हप्ता. कारखान्यात सगळ्यांना असंच वाटायचं.

तो हप्ता नव्हता. लेट फी टाळण्यापुरती ती किमान रक्कम, उरलेल्या बाकीवर व्याज चालूच. व्याज महिन्याला ३.३५ टक्के, म्हणजे १,४०७ रुपये. त्यावर तेव्हाचा सेवाकर १२.३६ टक्के, म्हणजे आणखी १७४. मी भरलेल्या २,१०० मधले १,५८१ इथेच संपायचे. मुद्दलातून ५१९ रुपये उतरायचे. कार्ड कात्रीने कापून टाकलं होतं, नवी खरेदी एका रुपयाची नाही. तरी अकरा महिन्यांत मी २१,७०० च्या आसपास भरले आणि बाकी दिसत होती साडेछत्तीस हजारांच्या वर. उतरले फक्त ५,४००. हा हिशेब मी तेव्हा केला नव्हता, पुढे वही घेऊन बसलो तेव्हा केला. आणि त्या ४२,००० वर मला पॉइंट मिळाले होते ४२०. चार पॉइंटला रुपया धरा. १०५ रुपये.

वडिलांना मी सांगितलं नव्हतं. वसुलीचा फोन त्यांनी उचलला. त्यांनी आवाज चढवला नाही. रात्री जेवताना विचारलं, “कितला बाकी शे रे?” मी आकडा सांगितला. दुसऱ्या दिवशी खेडा खरेदीवाल्याची गाडी गावात आली होती. वडील भाव चढायची वाट बघत थांबले होते, ते थांबायचं सोडून त्यांनी कापूस मोजून दिला. पैसे माझ्या हातात ठेवले आणि बैलांना पाणी पाजायला गेले.

म्हणून भाऊ, ‘घरबसल्या’ हा शब्द मला नका ऐकवू. तुम्ही कुठे बसून लिहिलंत मला माहीत नाही. मी कुठून लिहितो ते आता सांगितलं.

आणि नादी कोण लावतं? आपली पोरं पुण्याला, नाशिकला, सुरतेला कामाला जातात. पहिला पगार व्हायच्या आत त्यांना कार्डाचा फोन आलेला असतो. मी लिहिलं काय आणि न लिहिलं काय, कार्ड त्यांच्या खिशात जाणारच आहे. बिलावरचे दोन आकडे वेगळे का असतात हे कोणी सांगत नाही, ते मी सांगतो. माझ्या एकाही लेखात कार्डाच्या अर्जाची लिंक नाही. कोणतीही बँक मला एक पैसा देत नाही. असं दुसऱ्याबद्दल लिहिताना तुम्ही आधी एक ओळ तपासायला हवी होती.

उलट आमच्या गल्लीतल्या तिघांची कार्डं मी बंद करून दिली आहेत. त्यातल्या एका ताईंना वर्षभर फी लागत होती आणि कार्ड पाकिटातून बाहेरही निघालेलं नव्हतं. फोन केला की ‘तुमच्यासाठी खास ऑफर आहे’ सुरू व्हायचं. रिझर्व्ह बँकेचे कार्डांबद्दलचे निर्देश १ जुलै २०२२ पासून लागू झाले. थकबाकी नसेल तर कार्ड बंद करायची विनंती सात कामाच्या दिवसांत पूर्ण करावी लागते, नाही केली तर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. हे वाक्य मी ताईंच्या ईमेलमध्ये लिहिलं आणि चौथ्या दिवशी कार्ड बंद झालं. न मागता कार्ड पाठवून बिल लावलं तर ते बिल मागे घेऊन त्याच्या दुप्पट दंड ग्राहकाला द्यायचा, हेही त्याच निर्देशांत आहे. हे सगळं मी याआधी लिहिलंय. त्यावर तुमची प्रतिक्रिया दिसली नाही.

दुकानदाराच्या २ टक्क्यांचं म्हणाल, तर जो वरून घेतो तिथे कार्ड काढू नका, यूपीआयने द्या. त्यात लेख चुकण्यासारखं काय आहे? मी तुलना पेट्रोल आणि ऑनलाइन खरेदीची केली होती, गोलाणी मार्केटमधल्या मोबाइलच्या दुकानाची नाही.

राहिलं ‘वर्षाचे पॉइंट पाण्यात’. वर्षाचे नाही, नऊ महिन्यांचे म्हणा. महिन्याला २०,००० खर्च, १ टक्का परतावा, म्हणजे वर्षाचे २,४००. एका महिन्याचं बिल अजिबात भरलं नाही तर ३.७५ टक्क्यांनी व्याज ७५०, त्यावर जीएसटी १३५. लेट फी ७५० धरली तर जीएसटीसकट तिचे आणखी ८८५. एकूण १,७७०. व्याज देय तारखेपासून नाही, खरेदीच्या तारखेपासून लावतात, आणि बाकी राहिली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते, त्यामुळे आकडा थोडा वर सरकेल. तीन दिवसांच्या आत भरलं तर लेट फी लावता येत नाही, त्यामुळे खालीही येईल. ३.७५ म्हणजे वर्षाला ४५ टक्के. ३० टक्क्यांवरचं व्याज अनुचित, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ठरवलं होतं, तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ ला रद्द केला. आता ३० टक्क्यांची ती आडकाठी उरलेली नाही. लेखाच्या पहिल्याच ओळीत मी लिहिलं होतं की ही तुलना पूर्ण बिल वेळेत भरणाऱ्यांसाठीच आहे, बाकीच्यांनी इथेच थांबावं. ती ओळ तुम्ही ओलांडून पुढे गेलात आणि माझ्यावर आरोप केलात.

जीएसटीची ओळ आज सकाळी लेखात घातली आहे, १,०६१ च्या जागी ९७१ केले आहेत आणि दुरुस्तीची तारीख टाकली आहे. चूक वाचकाने दाखवली असंही लिहिलंय. नाव कळवलंत तर तिथे घालतो.