'आवाज होत नाही म्हणून घेतलं आणि खालचे लोक वर आले': ड्रमकिटच्या तक्रारीला दुकानाचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा दोन स्टारचा अभिप्राय वाचला, फोटोही पाहिले. तक्रारी तीन आहेत. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून मुलासाठी इलेक्ट्रॉनिक ड्रमकिट घेतलं, तरी पहिल्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरचे दारात आले. स्नेअर (समोरचा मुख्य ड्रम) मारला की मधूनच टॉम (बाजूचा ड्रम) वाजतो आणि किक, म्हणजे पायाने वाजवायचा ड्रम, एकदा मारली की दोनदा ऐकू येते. आणि क्लासचे सर म्हणतात, शिकायचं तर अकूस्टिकवरच, म्हणजे विजेविना वाजणाऱ्या खऱ्या ड्रमवरच, दुकानदाराने हे गळ्यात मारलं. म्हणून किट बदलून अकूस्टिक हवंय.

बदलून द्यायला आमची ना नाही. पण तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये अकूस्टिक चढवलंत, तर आज एक घर येतंय, उद्या अख्खी बिल्डिंग येईल. म्हणून आधी हे वाचा, मग ठरवा.

आवाज दोन वाटांनी जातो, हवेतून आणि जमिनीतून. मेश पॅडवर, म्हणजे जाळीच्या पडद्यावर, काठी पडते तेव्हा हवेतला आवाज फारच थोडा. बंद दाराबाहेर रबरी सिंबलची टकटक तेवढी येते. अकूस्टिक किट वाजवणाऱ्याच्या कानाशी सहज 100 डेसिबलच्या घरात जातं. निवासी भागासाठी ध्वनिप्रदूषण नियमांतली मर्यादा दिवसा 55 आणि रात्री दहानंतर 45 डेसिबल आहे, यावरून अंदाज यावा. तुमच्याकडे हवेची वाट जवळपास बंदच आहे. खाली जातंय ते किकचं. पेडलचा बीटर, म्हणजे पुढचा हातोडा, पॅडवर आपटतो, तो धक्का किक टॉवरच्या (किकचा पॅड धरणाऱ्या स्टँडच्या) पायांतून फरशीत आणि तिथून स्लॅबमध्ये उतरतो. कानाला हेडफोन लावलेल्या मुलाला याचा पत्ता नसतो. खालच्यांना मात्र डोक्यावर कुणी खलबत्ता कुटतंय असं वाटतं. हाय-हॅटचं (पायाने उघडमीट होणाऱ्या सिंबलचं) पेडल जोरात आपटलं तरी तेच होतं.

फोटोत किटखाली योगा मॅट दिसतेय. तिने किट सरकायचं थांबतं, धप्प थांबत नाही. किकचा धक्का खालच्या पट्टीतला असतो, त्याला पाच-सहा मिलिमीटरचा फोम पुरत नाही. भिंतींना फोम किंवा अंड्यांचे ट्रे चिकटवायचा सल्ला कुणी दिला तर त्यावर पैसे घालू नका. त्याने खोलीतला घुमारा कमी होतो. स्लॅबमधून जाणाऱ्या धक्क्याला काही होत नाही.

लागतो तो टेनिस बॉलचा प्लॅटफॉर्म. 18 मिलिमीटर प्लायच्या दोन फळ्या, प्रत्येकी 5 बाय 4 फूट. थ्रोन, म्हणजे ड्रमरचं स्टूलसुद्धा त्याच फळीवर बसला पाहिजे, नाहीतर बसायची उंची बिघडते. म्हणून 4 बाय 4 मध्ये भागवू नका. खालच्या फळीला साधारण फुटाफुटावर 45 ते 50 मिलिमीटरची भोकं पाडायची, म्हणजे बॉल त्यात बसेल पण आरपार जाणार नाही. अशी 20 भोकं, शिवाय किक टॉवरखाली दोन आणि थ्रोनखाली दोन जादा, कारण वजन आणि धक्का तिथेच आहे. सुताराकडे होल-सॉ असतो, त्याचं हे अर्ध्या दिवसाचं काम. बॉल लॉन टेनिसचे घ्या, वापरलेले चालतील, पण सगळे सारखेच मऊ असू द्या. टेनिस क्रिकेटचे जड बॉल आणू नका. ते इतके कडक असतात की धक्का गिळतच नाहीत. वरची फळी नुसती बॉलवर ठेवायची. दोन्ही फळ्या स्क्रूने जोडल्या की सगळा खटाटोप वाया, धक्का स्क्रूमधूनच खाली जातो. वर जाड गालिचा टाका.

मग जागा बदला. फोटोत किट खोलीच्या मधोमध आहे, आणि स्लॅब सर्वांत जास्त हलतो तो मधोमधच. कॉलम असलेल्या कोपऱ्याजवळ न्या, पण फळी किंवा रॅक भिंतीला टेकू देऊ नका, दोन इंच तरी फट ठेवा. बीटरला प्लास्टिकची बाजू असेल तर फिरवून फेल्टची पुढे घ्या. हे सगळं करूनही धक्का शून्यावर येणार नाही. बराच कमी होईल, आणि संध्याकाळी सात ते आठ एवढीच वेळ खालच्यांना सांगून ठेवली तर बहुतेक ठिकाणी निभावतं.

आता एकाला दोन वाजण्याचं. पॅड बिघडलेले नाहीत. सगळे पॅड एकाच रॅकच्या पाइपांवर आवळलेले असतात. स्नेअरवर फटका बसला की कंप पाइपातून टॉमच्या सेन्सरपर्यंत जातो आणि मॉड्यूलला, म्हणजे आवाज काढणाऱ्या डब्याला, वाटतं टॉम मारला. घरी जोडलेल्या किटमध्ये क्लँप अर्धवट आवळलेले असतात, तिथेच हे जास्त होतं. आधी सगळे क्लँप आणि पाइपांचे जोड घट्ट करा, पॅड एकमेकांना किंवा केबलला टेकत नाहीत ना ते पाहा. तरी राहिलं तर मॉड्यूलच्या ट्रिगर मेन्यूत जा आणि चुकून वाजणाऱ्या पॅडचं, म्हणजे टॉमचं, क्रॉसटॉक (शेजारच्या पॅडचा कंप गाळणारं सेटिंग) एकेका पायरीने वाढवा. एकदम वर नेलंत तर स्नेअरबरोबर मुद्दाम हळू मारलेला टॉमही गिळला जाईल. म्हणून एक पायरी, दहा-बारा फटके, मग पुढची पायरी.

किक दोनदा वाजते त्याचं मूळ बहुतेक पायात असतं. नवशिका मुलगा फटका मारून बीटर पॅडवर दाबून धरतो, बीटर तिथे थरथरतो आणि त्यातला एखादा थरथराट दुसरा फटका म्हणून मोजला जातो. पेडलची स्प्रिंग थोडी घट्ट करा आणि बीटर पॅडच्या मध्यावर पडतोय का बघा. त्यानंतर मेन्यूतलं रीट्रिगर किंवा मास्क टाइम, म्हणजे एका फटक्यानंतर किती वेळ दुसरा मोजायचा नाही ते, थोडं वाढवा. तेही बेतानेच, फार वाढवलं तर पुढे मुलगा खरोखरच दोन फटके भरभर मारू लागेल तेव्हा दुसरा हरवेल.

हाय-हॅट नीट मिटत नाही असंही तुम्ही लिहिलंय. मॉड्यूल चालू करताना पेडलवर पाय ठेवू नका, पॅडलाही हात लावू नका. काही मॉड्यूल सुरू होताना जे दिसेल तीच मोकळी स्थिती धरून बसतात. मेशचे स्क्रू आवळून टॉमचा सूर बदलेल असं वाटून मुलं चावी फिरवत बसतात. सूर मॉड्यूलमध्ये असतो. मेशचा ताण फक्त काठीच्या उसळीसाठी, समोरासमोरचे स्क्रू अर्धा-अर्धा फेरा असा सारखा ठेवा. ब्लूटूथ हेडफोनचा तर विषयच नको: काठी आधी पडते, आवाज मागून येतो, आणि लय बिघडायला तेवढं पुरे होतं. मॉड्यूलवर ब्लूटूथ लिहिलेलं असतं ते सहसा मोबाइलवरचं गाणं किटसोबत वाजवण्यासाठी. ऐकायला वायरचाच हेडफोन लावा, कान पूर्ण झाकणारा.

सरांच्या म्हणण्यात तथ्य आहे. इलेक्ट्रॉनिक किटवर एक गोष्ट शिकायची राहून जाते, ती म्हणजे हातापायांच्या फटक्यांमधला तोल. मुलगा हाय-हॅट कितीही बडवू दे, मॉड्यूलने तिचा आवाज आधीच बेतात ठेवलेला असतो, त्यामुळे कानाला सगळं छानच लागतं. तोच मुलगा अकूस्टिकवर बसला की हाय-हॅट आणि क्रॅश (मोठा सिंबल) यांच्या आवाजाखाली स्नेअर बुडतो. घोस्ट नोट, म्हणजे स्नेअरवर जेमतेम लागणारा तो अलगद फटका, आणि रिमशॉट, म्हणजे काठी पडद्यावर आणि कडेवर एकदमच मारलेला फटका, यांतला फरकही खऱ्या ड्रमवर जितका कळतो तितका या दर्जाच्या पॅडवर कळत नाही. शिवाय मेशची उसळी खऱ्या हेडपेक्षा (ड्रमच्या पडद्यापेक्षा) जास्त असल्याने मनगटाचं काम फुकटात होतं.

पण सर शिकवतात क्लासच्या खोलीत आणि मुलगा सराव करणार तुमच्या हॉलमध्ये, दोन्हींचा हिशेब एक धरून कसं चालेल? पहिल्या वर्षात घडतं ते रोज वाजवल्याने. घरी रोज अर्धा तास इलेक्ट्रॉनिकवर मेट्रोनोम (ठेका मोजणारी टिकटिक) लावून, आणि आठवड्यातून एक तास क्लासच्या किंवा जॅमरूमच्या अकूस्टिकवर, ही जोडी फ्लॅटमधल्या मुलासाठी आमच्या मते सर्वांत चांगली. घरच्या मॉड्यूलमध्ये रीव्हर्ब (घुमारा) बंद करून साधा, कोरडा किट निवडा, म्हणजे चुका लपणार नाहीत. अकूस्टिकवर बसताना इअरप्लग हवेतच: अमेरिकेतल्या नायॉश या कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेच्या शिफारशीप्रमाणे 100 डेसिबलला दिवसाची मर्यादा 15 मिनिटांची आहे.

स्वतंत्र घर, तळमजला किंवा शेतावरची खोली असती तर आम्हीच अकूस्टिक दाखवलं असतं. तरीही तयारी ठेवावी लागते. सुरुवातीच्या किटसोबत येणारे सिंबल बहुधा पितळी असतात, त्यांना ब्रॉन्झची झंकार नाही. ब्रॉन्झसारखा आवाज हवा तर सिंबल वेगळे घ्यावे लागतात. हेड ट्यून करायला शिकावं लागतं, कारण बेसूर किटवर बरोबर वाजवलेलंही चुकीचं वाटतं. पावसाळ्यात टेन्शन रॉड (हेड ताणणारे स्क्रू) पुसून ठेवले नाहीत तर गंजतात. अकूस्टिकवरच मेश हेड आणि छिद्रांचे कमी आवाजाचे सिंबल लावायचा मधला मार्गही आहे, पण किकचा धक्का त्यातही जमिनीतूनच जातो, तेव्हा प्लॅटफॉर्म चुकत नाही.

आमच्याकडून इतकं: माणूस घरी येऊन क्लँप, ट्रिगर सेटिंग आणि किटची जागा बसवून देईल, त्याचे पैसे नाहीत. प्लाय आणि सुताराचा खर्च तुमचा. प्लॅटफॉर्मवर महिनाभर वाजवूनही खालच्यांची तक्रार तशीच राहिली, किंवा तुमचा विचार अकूस्टिकवरच ठाम असेल, तर किट खोक्यासह आणा, किमतीतला फरक समोर बसून काढू. दुकानात फोन करताना बिलाचा नंबर आणि मॉड्यूलच्या मागचं मॉडेल सांगा. माणूस येईपर्यंत फॅक्टरी रीसेट मात्र करू नका, आत्ता काय सेटिंग आहे ते त्याला बघायचं असतं.