ओढा कोणाच्या खात्यात?

आज एका साखरपुड्यात ताईच्या दिरांनी माझ्या भाचीला सर्वांसमक्ष विचारले, "झाडे लावायला आणि नकाशे रंगवायला दोन-दोन पदव्या कशाला?" मंडळी हसली. तिला परदेशातील एका विद्यापीठात लँडस्केप आर्किटेक्चर (जमीन, पाणी, झाडे आणि मोकळ्या जागा यांची रचना) आणि नगर व प्रादेशिक नियोजन या दोन्ही पदव्युत्तर पदव्या एकत्र करण्यासाठी प्रवेश मिळाला आहे. कार्यात वाद नको म्हणून मी तिथे गप्प बसले. इथे बसणार नाही.

25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यातल्या आंबिल ओढ्याच्या पुराने काय केले, हे पुणेकरांना सांगायला नको. भाची तेव्हा आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला होती. पाणी ओसरल्यावर ती मला सहकारनगरातल्या एका सोसायटीत घेऊन गेली. जिन्याखालच्या वीजमीटरांवर चिखलाची रेघ होती आणि दुचाकी एकमेकींत अडकून पडल्या होत्या. तिने पिशवीतून शहराच्या विकास आराखड्याची, म्हणजे कुठल्या जागेचा वापर कशासाठी हे ठरवणाऱ्या नकाशाची, प्रत काढली. निवासी भाग पिवळा, रस्ते, आरक्षणे (सार्वजनिक कामांसाठी राखलेल्या जागा), सगळे जागच्या जागी. जमिनीचा उतार मात्र त्यावर कुठेच नव्हता. घरी येऊन तिने 1:50,000 चा स्थलदर्शक नकाशा पसरला. त्यावर उतार होता, पण समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) वीस-वीस मीटरच्या, म्हणजे दोन रेषांच्या मध्ये सहा मजली इमारत बसली तरी नकाशाला पत्ता लागू नये. "मावशी, उतार एकाने शिकायचा आणि आरक्षण दुसऱ्याने टाकायचे, असे का?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि आमच्या व्यवसायाकडे आजही नाही.

आमच्याकडे काय चालते, ते या क्षेत्रातल्या मित्रांना ठाऊक आहे. आराखडा मंजूर होतो, नाला "सरळ" होतो, सीमाभिंत उभी राहते, आणि मग लँडस्केपवाल्याला बोलावून पोडियमवरच्या (पार्किंगच्या छतावरच्या) दीड फूट मातीत लॉन आणि चाफा लावायला सांगतात. पाणी कुठून येते हे ज्याला कळते, त्याला बोलावणे येईपर्यंत पाण्याचा निर्णय झालेला असतो. संताप येतो तो याचा!

दोन्ही विषय एकत्र शिकणे हे आजचे फॅडही नव्हे. हार्वर्डमध्ये 1900 साली लँडस्केप आर्किटेक्चरचा अभ्यासक्रम सुरू झाला, नगरनियोजनाचे शिक्षण त्याच्याच पोटात वाढले आणि 1929 मध्ये वेगळे झाले. लँडस्केप आर्किटेक्ट इयन मॅकहार्ग यांनी तिथूनच दोन्ही विषयांच्या पदव्या घेतल्या. माती, उतार, पाणी, झाडोरा यांचे वेगवेगळे पारदर्शक नकाशे एकावर एक ठेवून बांधकाम कुठे करावे आणि कुठे हात लावू नये हे ठरवण्याची पद्धत त्यांनी 1969 साली जगापुढे मांडली. त्या संध्याकाळी भाची ट्रेसिंग पेपर घेऊन जेवणाच्या टेबलावर नेमके हेच करत होती, आणि तोवर तिने मॅकहार्गचे नावही ऐकलेले नव्हते.

नियोजनात कायदा, जमिनीचे अर्थकारण आणि एफएसआयचे (किती जागेवर किती बांधकाम करता येईल याच्या प्रमाणाचे) राजकारण असते, आणि झाडांची नावे पाठ असल्याने ते सुटत नाही, हे मान्य. म्हणूनच तर दुसरी पदवी! आपल्याकडे दोन्ही करायची तर दोन-दोन वर्षांचे दोन स्वतंत्र अभ्यासक्रम, म्हणजे चार वर्षे. तिकडे सामायिक विषय दोन्हीकडे धरले जात असल्यामुळे एखादे वर्ष वाचते.

एवढे लिहून थोडी शांत झाले आहे. ताईच्या दिरांचे सोडा, पण भाऊजींची काळजी मला कळते. कर्ज मोठे आहे, आणि परत आल्यावर तिला नोकरी नियोजनकार म्हणून मिळणार की पुन्हा चाफाच लावावा लागणार, हा त्यांचा प्रश्न चुकीचा नाही. आपल्यापैकी कोणी दोन्ही पदव्या घेऊन पुण्यात काम करत असेल, तर कृपया मला कळवावे. भाऊजींशी तुमचे बोलणे करून देते. तिला प्रवेशाची रक्कम याच आठवड्यात भरायची आहे.