आमचं घेताना 'डॅमेज', आम्हाला देताना 'रेअर'

एकच नाणं. आपल्या हातात असतं तेव्हा ते झिजलेलं, ठोका बसलेलं, "याला कोण विचारतंय, चांदीच्या भावात देऊन टाका" असं असतं. नाणी विकणाऱ्याच्या टेबलापलीकडे गेलं की संध्याकाळपर्यंत तेच नाणं पुठ्ठ्याच्या चौकटीत बसतं, वर पेनने लिहिलेलं असतं 'एक्सएफ, रेअर', म्हणजे जेमतेम झिजलेलं आणि दुर्मिळ, आणि किंमत कुठल्या कुठे गेलेली असते. मधल्या काही तासांत झीज भरून येते का? सरळ लबाडी आहे ही. आणि ती या धंद्यात इतकी मुरली आहे की तिच्याबद्दल तोंड उघडलं तर "नवीन दिसताय" म्हणून आपल्यालाच गप्प करतात.

परवाचंच सांगतो. शेजारच्या काकूंनी सासूबाईंच्या पेटीतला एक बंदा रुपया माझ्यासोबत नाण्यांच्या प्रदर्शनात आणला होता. व्हिक्टोरिया राणीचा, 1862 चा. आता 1862 म्हटलं की थोडंफार कळणारा माणूस आधी भिंग काढतो, कारण हेच साल पुढे 1874 पर्यंत रुपयावर छापलं जात राहिलं आणि मागच्या बाजूच्या बारीक टिंबांवरून प्रकार ओळखावा लागतो. टिंबं कुठे आहेत, किती आहेत, यावर किंमत फिरते. ज्या विक्रेत्याच्या टेबलाशी आम्ही गेलो त्या गृहस्थाने भिंग काढलंच नाही. मागची बाजू पाहिली नाही. वरच्या कडेला कधीकाळी माळेत ओवण्यासाठी झाळलेल्या कडीचा उंचवटा होता, तो अंगठ्याने चाचपला आणि म्हणाला, "काकू, हे माळेतलं आहे, मोडीतच जाणार." काकूंचा चेहरा उतरला. त्या देऊनच टाकत होत्या. मी "थांबा" म्हणालो तर मला म्हणतो, "मग तुम्हीच घ्या ना साहेब!" आणि त्याच्याच काचेखाली, हातभर अंतरावर, कडी काढून कानशीने सपाट केलेला सातव्या एडवर्डचा रुपया मांडलेला होता. त्यावर चिठ्ठी काय? 'व्हीएफ प्लस', म्हणजे थोडंसंच झिजलेलं. कडीबद्दल एक अक्षर नाही.

कडी हा दोष आहे, मोठा दोष आहे, संग्राहकाच्या दृष्टीने त्याने किंमत खूपच पडते, हे मला पूर्ण मान्य आहे. पण मग तो दोन्हीकडे दोष असू द्या ना! घेताना दिसतो आणि विकताना दिसत नाही, असा कुठला दोष असतो?

बरं, दोष म्हणजे काय हेसुद्धा यातल्या निम्म्या लोकांना शिकायचं नाहीये. नाणं टांकसाळीतून बाहेर पडतानाच जे झालेलं असतं ते वेगळं आणि नंतर माणसांच्या हातात जे झालं ते वेगळं, ही या छंदातली पहिली पायरी आहे. छाप एका बाजूला सरकली, ठशाला तडा गेला आणि त्याची रेघ नाण्यावर उठली, चकतीच कडेला अपुरी कापली गेली, ही टांकसाळीची करणी. भोक, कडी, कानस, सराफाने चांदी पारखायला मारलेला टोचा, कुणीतरी खिळ्याने कोरलेलं नाव, ही नंतरची. पहिल्या प्रकाराने किंमत कधीकधी वाढते, दुसऱ्याने बहुतेक वेळा घटते. यांच्याकडे मात्र हातोडीने चेपलेलं आधुनिक दोन रुपयांचं नाणं 'मिसप्रिंट' म्हणून हजारात, आणि खरोखर सरकलेल्या छापेचं जुनं नाणं 'खराब' म्हणून किलोच्या ढिगात.

सगळ्यात जास्त संताप येतो तो शिवराईच्या बाबतीत. हाताने पाडलेलं तांब्याचं नाणं आहे ते. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. ठसा बहुतेक वेळा चकतीपेक्षा मोठा, त्यामुळे सगळी अक्षरं एका नाण्यावर पूर्ण उतरलेली मिळणं हाच दुर्मिळ प्रकार. कुणावर 'श्री' अर्धी, कुणावर 'पति'चा 'ति' कडेबाहेर. हा त्या पद्धतीचा स्वभाव आहे, नाण्याची खोट नाही! पण शाळेतल्या मुलाने आजोबांच्या डब्यातली शिवराई आणली की हे म्हणणार, "अक्षर तुटलंय, वीस रुपये देतो." तीच पुढे 'खुद्द महाराजांच्या काळातली' म्हणून हजारोंत जाणार. हेही खोटंच. शिवराया पुढे पेशवाईत कितीतरी ठिकाणी पडत राहिल्या, एकोणिसाव्या शतकातही त्या लोकांच्या हातात होत्या. अक्षरांचं वळण, बिंदू, दांड्या, चिन्हं पाहून ती साधारण कधीची असावी याचा अंदाज करायला अभ्यास लागतो. महाराजांचं नाव घेऊन ग्राहकाच्या श्रद्धेवर पैसे काढायला काहीच लागत नाही.

आणि छाप कमी बसणं म्हणजे झीज नव्हे, हे कितीदा सांगायचं? ठसा नीट दाबला गेला नसेल तर अक्षर पुसट दिसतं, पण शेजारच्या अक्षराच्या कडा धारदार असतात आणि पृष्ठभाग मूळचा असतो. झिजलेलं नाणं सगळीकडून गुळगुळीत होतं. तिरप्या उजेडात धरा, दोन मिनिटांत कळतं. दोन मिनिटं द्यायची नसतील तर कुणाच्या वाडवडिलांच्या वस्तूची किंमत करायला बसू नका.

घासणाऱ्यांना तर मी माफच करू शकत नाही. चिंच, लिंबू, राख, तांब्याची भांडी उजळायची पावडर, जे हाताला लागेल ते. दोनशे-अडीचशे वर्षांत तांब्यावर जो गडद तपकिरी थर बसतो तोच त्या नाण्याचं संरक्षण आणि तोच त्याच्या वयाचा पुरावा. तो खरवडून गुलाबी तांबं उघडं पाडलं की ते नाणं कायमचं गेलं, पुन्हा काही केल्या तसं होत नाही. चांदीचंही तेच: भिंगाखाली सगळीकडे एकाच दिशेने बारीक ओरखडे दिसतात आणि चमक मेलेली असते. घरातल्या माणसाने अजाणता घासलं तर समजू शकतो. पण पोट नाण्यांवर भरणारा माणूस घासतो, वर 'यूएनसी लस्टर', म्हणजे न वापरलेल्या नाण्याची मूळ चमक, असं लिहितो, तेव्हा तो जाणूनबुजून एका ऐतिहासिक वस्तूची वाट लावत असतो.

या 'व्हीएफ', 'एक्सएफ', 'यूएनसी'ला काही अर्थ होता हो! नाण्याची अवस्था ठरवणारी 1 ते 70 गुणांची शेल्डनची पद्धत 1949 मध्ये आली तीही अमेरिकेतल्या मोठ्या तांब्याच्या सेंटसाठी. पुढे जगभर वापरली जाऊ लागली. एनजीसी, पीसीजीएस या नाणी तपासून दर्जा देणाऱ्या परदेशी संस्थांकडे घासलेलं किंवा कडी काढलेलं नाणं गेलं तर सहसा अंक देत नाहीत, 'डिटेल्स' लिहून दोष काय तो वेष्टनावरच छापतात. हेच तर हवंय! झीज किती ते वेगळं सांगा, दोष कोणता ते वेगळं सांगा, मग किंमत करा. पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती किती शाबूत आहे हे बघायला परदेशी संस्था लागत नाही, डोळे लागतात.

त्यात भर मोबाइलवरच्या व्हिडिओंची. वैष्णोदेवीच्या चित्राचं नाणं आहे का, दहा लाख मिळतील! रोजच्या व्यवहारातली नाणी ती. 1818 सालचं, रामदरबार आणि ईस्ट इंडिया कंपनीचं नाव असलेलं 'एक आणा' दाखवतात, जे कंपनीने कधी पाडलंच नाही. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर इशारा दिला की आपल्या नावावर जुन्या नाण्या-नोटांसाठी शुल्क, कमिशन मागणारे भामटे आहेत. तरी लोक 'नोंदणी फी' भरतात, आणि मग खरी चांगली वस्तू घरात असलेला माणूस सगळ्यांवरच संशय घेतो किंवा अव्वाच्या सव्वा भाव सांगतो. दोन्हीकडून छंदाचंच वाटोळं.

म्हणून आता मी कुणाची भीड ठेवत नाही. चांदीचा रुपया असेल तर आधी काट्यावर ठेवा. पूर्ण वजन 11.66 ग्रॅम, बरोबर एक तोळा, आणि कानस मारली असेल तर तिथेच काही अंशी उघडी पडते. 1940 पासून चांदी निम्म्यावर आली आणि 1947 चा रुपया निकेलचा, लोहचुंबकाला चिकटतो, तो 'चांदीचा' म्हणून समोर ठेवाल तर मी सगळ्यांसमोर चुंबक काढणार. कडेचा फोटो नसेल तर मी घेणार नाही. आणि प्रदर्शन भरवणाऱ्यांनो, प्रवेशद्वारापाशी हार-तुरे ठेवता तिथे एक काटा, एक चांगलं भिंग आणि जाणकार माणूस बसवा, आणि कडी, भोक, घासकाम लपवून माल विकणाऱ्याचं टेबल त्याच दिवशी उचलायला लावा!