खुलासा : मायक्रोसॉफ्टच्या डोक्यावरचं ‘५७ अब्ज डॉलरचं कर्ज’

‘मायक्रोसॉफ्टवर ५७ अब्ज डॉलरचं देणं, कंपनी कर्जात’ असा मेसेज फिरतोय. आकडा खरा आहे, ३० जून २०२४ च्या ताळेबंदातला. अर्थ साफ चुकीचा. ग्राहकांना आगाऊ बिल लावलंय, सेवा अजून द्यायची आहे, ती ही रक्कम. समजा, १२ लाखांच्या वार्षिक क्लाउड वर्गणीचं बिल १ जानेवारीला फाडलं. ३१ मार्चपर्यंत उत्पन्नात धरायचे फक्त ३ लाख. बाकीचे ९ लाख देयतांच्या, म्हणजे देण्यांच्या, रकान्यात. व्याजबिज काही नाही!

कायमस्वरूपी लायसन्सचं मात्र वेगळं. सॉफ्टवेअर ग्राहकाच्या ताब्यात गेलं की त्याचं उत्पन्न लगेच धरतात, सपोर्टचा वाटा तेवढा पुढे ढकलतात. भारतातही १ एप्रिल २०१८ पासून लागू झालेल्या इंड एएस ११५ मध्ये (उत्पन्न कधी आणि किती धरायचं, हे ठरवणारं लेखा मानक) हीच पद्धत आहे.