रशियाविषयीची अमेरिकी आणीबाणी: फॉरवर्डमध्ये काय आणि कायद्यात काय

एक फॉरवर्ड गटागटांतून फिरतोय. थोडक्यात मजकूर असा: ‘अमेरिकेनं रशियाविरुद्धची राष्ट्रीय आणीबाणी वाढवली. युद्धाची तयारी झाली. आपल्याकडे 1975 साली झालं तसे तिथल्या नागरिकांचे हक्क गुंडाळले. काँग्रेसला (तिथल्या संसदेला) अंधारात ठेवलं. रशियाचा पैसा अमेरिकेनं गिळला. आपल्याला मात्र याची झळ नाही.’ यातलं पहिलं वाक्य खरं आहे. पुढे गाडी घसरते.

युद्धाची तयारी? ही आणीबाणी बायडेन यांनी 15 एप्रिल 2021 रोजी 14024 क्रमांकाच्या आदेशानं जाहीर केली. युक्रेनवर रशियाचं सैन्य चालून जायला तेव्हा दहा महिने अवकाश होता. कारणं दिली होती ती निवडणुकांतली ढवळाढवळ, सायबर हल्ले, परदेशात आसरा घेतलेल्या विरोधकांचा आणि पत्रकारांचा छळ अशी. 1976 च्या राष्ट्रीय आणीबाणी कायद्यानुसार अशी आणीबाणी वर्षभरानं आपोआप संपते. ती चालू ठेवायची तर वर्षपूर्तीच्या आधीच्या 90 दिवसांत राष्ट्राध्यक्षांना तशी सूचना काढावी लागते. म्हणून ही बातमी एप्रिलच्या आसपास येते. बायडेन यांनी मुदत वाढवली, 2025 मध्ये ट्रम्प यांनीही वाढवली. बेलारूसविषयीची अशीच आणीबाणी 2006 पासून वर्षागणिक वाढत आली आहे. तिथल्या राजधानीवर, मिन्स्कवर, अमेरिकी फौजा गेल्याचं कुणी ऐकलंय का?

1975 ची तुलना सगळ्यात जास्त पसरते आणि तीच सगळ्यात कच्ची आहे. आपल्याकडे अनुच्छेद 352 खाली आणीबाणी आली, मूलभूत हक्कांसाठी कोर्टात जाण्याची वाट बंद झाली, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला, विरोधक तुरुंगात गेले. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांना आपण नेमक्या कोणत्या कायद्याखालचे अधिकार वापरतोय ते सांगावं लागतं. रशियाच्या बाबतीत मुख्य आधार आहे 1977 चा आंतरराष्ट्रीय आर्थिक अधिकारांचा कायदा. त्यातून परकीयांचा हितसंबंध असलेली मालमत्ता गोठवता येते, व्यवहार रोखता येतात. शिवाय व्हिसाबंदी घालता येते. कुणाला विनाचौकशी डांबण्याचा अधिकार त्यात नाही. पुस्तकं, चित्रपट, बातम्या यांच्या देवाणघेवाणीला तर त्या कायद्यानंच संरक्षण दिलंय. अमेरिकी माणसाला काहीच काच नाही, असंही नाही: निर्बंध जाणूनबुजून मोडले तर 20 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

काँग्रेसला अंधारात ठेवलं, हे साफ खोटं. सूचना काँग्रेसला पाठवावीच लागते आणि फेडरल रजिस्टर या सरकारी राजपत्रात छापावी लागते, कुणीही वाचावी. पण इथे फॉरवर्ड लिहिणाऱ्याच्या हातून खरा मुद्दा निसटला. 1976 च्या कायद्यानुसार दर सहा महिन्यांनी काँग्रेसनं बसून आणीबाणी संपवायची का याचा विचार करायचा असतो. हे कलम जवळपास कागदावरच राहिलंय. सुरुवातीला दोन्ही सभागृहं राष्ट्राध्यक्षांच्या सहीशिवाय आणीबाणी उठवू शकत होती. 1983 च्या चढ्ढा खटल्यात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयानं ‘लेजिस्लेटिव्ह व्हेटो’ची, म्हणजे सहीशिवाय असा निर्णय फिरवण्याची, पद्धतच घटनाबाह्य ठरवली आणि 1985 मध्ये कायदा बदलला. आता आणीबाणी उठवण्याच्या ठरावावर राष्ट्राध्यक्ष नकाराधिकार वापरू शकतात, आणि तो मोडायला दोन तृतीयांश मतं लागतात. मेक्सिको सीमेवरची आणीबाणी रद्द करायचा ठराव 2019 मध्ये काँग्रेसनं मंजूर केला, ट्रम्प यांनी तो फेटाळला, आणि तेवढी मतं काही जमली नाहीत. इराणविषयीची आणीबाणी तर 1979 ची, कार्टर यांच्या काळातली. अजून चालू आहे. लपवाछपवी नाही, सरावानं आलेली बेफिकिरी आहे. मला तीच जास्त खटकते.

पैसा गिळला? फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाच्या मध्यवर्ती बँकेच्या ठेवी अडकल्या त्या याच 14024 क्रमांकाच्या आदेशाच्या आधारे. पण अडकवणं वेगळं आणि मालकी घेणं वेगळं. अमेरिका स्वतः सशस्त्र संघर्षात असेल किंवा तिच्यावर हल्ला झाला असेल तरच 1977 चा कायदा मालमत्ता ताब्यात घेऊ देतो. म्हणून तर एप्रिल 2024 मध्ये काँग्रेसला रशियन सरकारच्या मालमत्तेसाठी वेगळा कायदा करावा लागला. आणीबाणी संपू दिली असती तर गोठवणुकीचा पायाच ढिला झाला असता. दोन्ही पक्षांच्या राष्ट्राध्यक्षांनी ती का वाढवली, याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

राहिलं ‘आपल्याला झळ नाही’. 6 ऑगस्ट 2025 च्या आदेशानं ट्रम्प यांनी भारतीय मालावर 25 टक्के जादा आयातशुल्क लावलं. कारण दिलं रशियन तेलाच्या खरेदीचं, आणि कायदेशीर आधार होता रशियाविषयीची हीच आणीबाणी. 27 ऑगस्टपासून ते लागू झालं आणि आधीचे 25 टक्के धरून बऱ्याच मालावरचं जादा शुल्क 50 टक्क्यांवर गेलं. त्या शुल्काचं पुढे काय झालं हा वेगळा विषय. पण त्या महिन्यांत अमेरिकेला कोळंबी, कपडे किंवा हिरे पाठवणाऱ्या एखाद्या निर्यातदाराला हे शेवटचं वाक्य वाचून दाखवा.